इंग्रजी येईपर्यंत थांबवू नका: स्पॅनिशभाषक विद्यार्थ्याच्या पदवीची आखणी

न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्राँक्समध्ये, ग्रँड कॉनकोर्स आणि १४९व्या रस्त्याच्या नाक्यावर ओस्तोस कम्युनिटी कॉलेज आहे. प्वेर्तो रिकोचे शिक्षणतज्ज्ञ एउहेनियो मारिया दे ओस्तोस यांचं नाव त्याला दिलेलं आहे. १९६८ साली ते स्थापन झालं ते तिथल्या प्वेर्तो रिकन आणि इतर स्पॅनिशभाषक लोकांनी मागणी लावून धरली म्हणून. त्यामागचा विचार असा होता की इंग्रजी शिकणाऱ्याचं बाकीचं शिक्षण अडवून ठेवू नये. काही विषय स्पॅनिशमधून सुरू करावेत, शेजारी इंग्रजी चालू राहावं आणि सत्रागणिक तोल इंग्रजीकडे सरकावा.

पुढची कृती याच विचारावर उभी आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत सल्लागार, शिक्षक किंवा ट्यूटर म्हणून काम करणारी मराठी माणसं आता कमी नाहीत, आणि त्यांच्या टेबलासमोर स्पॅनिश बोलणारा विद्यार्थी रोज येऊन बसतो. त्याला सर्वांत जास्त मिळणारा सल्ला म्हणजे ‘आधी इंग्रजी नीट कर, मग विषयांचं बघू.’ मी या कामात आहे, आणि माझ्या मते या सल्ल्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नाही. दोन वर्षं नुसत्या भाषेच्या वर्गात जातात, अनुदान संपत येतं, पदवीच्या खात्यात फारसं काही जमा होत नाही आणि विद्यार्थी कॉलेज सोडतो. त्याच्या नोंदीवर मग ‘इंग्रजी जमलं नाही’ असं लिहिलं जातं. खरं म्हणजे त्याची आखणीच कुणी केलेली नसते.

भेटीच्या आधी: कागद

विद्यार्थी समोर येण्याआधी अर्धा तास त्याच्या कागदांना द्या. सुरुवात नावापासून करा. स्पॅनिश रीतीत माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. समजा, विद्यार्थिनीचं नाव आना पेरेस गार्सिया आहे. तिचं मुख्य आडनाव पेरेस, पण अमेरिकी अर्ज शेवटचा शब्द उचलतो आणि ती गार्सिया होते. प्रवेशाच्या यंत्रणेत एक नाव, आर्थिक मदतीच्या अर्जात दुसरं, शाळेच्या दाखल्यावर दोन्ही. मग मदतीचे पैसे तिच्या खात्याशी जुळत नाहीत आणि फी न भरल्यामुळे वर्गातलं नाव कापलं जातं. वडिलांचं नाव मधे लिहिण्याच्या आपल्या पद्धतीमुळे मराठी मुलांच्या कागदांतही हा घोळ होतो, त्यामुळे तो तुमच्या लगेच ध्यानात येईल. दोन्ही आडनावांनी शोधा, नोंदी दोन निघाल्या तर त्या एक करून घ्या, आणि पुढे सगळीकडे एकच लेखन वापरायला सांगा.

मग गुणपत्रक. इथे घाईने रूपांतर करू नका. मेक्सिकोत गुण १०पैकी असतात आणि साधारणपणे ६ला उत्तीर्ण. कोलंबियाच्या विद्यापीठांत ५पैकी, उत्तीर्ण ३ला. चिलीत १ ते ७ची पट्टी, उत्तीर्ण ४ला. पेरूत २०पैकी, उत्तीर्ण ११ला. पेरूहून आलेल्या मुलाचे १४ गुण पाहून कपाळाला आठ्या घालणारे लोक मी पाहिले आहेत. तिकडे तो सरळ उत्तीर्ण झालेला असतो. आणखी एक खाचखळगा: बऱ्याच स्पॅनिशभाषक देशांत ‘बाचियेरातो’ म्हणजे शाळेचा शेवटचा टप्पा, आपल्या बारावीसारखा. ती बॅचलरची पदवी समजून विद्यार्थ्याला चुकीच्या रांगेत उभं केलं जातं. मायदेशी विद्यापीठात काही शिक्षण झालं असेल, तर मान्यताप्राप्त मूल्यमापन संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यायला पहिल्याच आठवड्यात सांगा, आणि विषयांचे अभ्यासक्रम तिकडच्या नातेवाइकांकडून मागवायलाही. हे कागद यायला महिने लागतात. त्यांच्याविना विद्यार्थी जे आधीच शिकला आहे तेच पुन्हा पैसे भरून शिकतो.

तारखांबद्दल एवढंच. स्पॅनिश लिखाणात आपल्यासारखाच दिवस आधी, महिना नंतर, अमेरिकेत उलट. म्हणून मुदतीची प्रत्येक तारीख महिन्याचं नाव अक्षरात लिहून द्या.

दार उघडताना

बरेचदा विद्यार्थ्यासोबत आई, नवरा, मोठी बहीण येते. त्यांना बाहेर बसवून दार लावणं मला पटत नाही. घरच्यांनी ठरवलं म्हणून ती इथवर पोहोचलेली असते, आणि रात्रीच्या वर्गाच्या वेळी मूल सांभाळणारं माणूसही तेच असतं. पण १९७४चा फेर्पा कायदा असा आहे की कॉलेजात नाव घातल्यापासून शैक्षणिक नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा, आईवडिलांचा नाही. तेव्हा सगळ्यांचं स्वागत करा, दोन शब्द बोला, मग सांगा की पहिली दहा मिनिटं मी एकट्या विद्यार्थ्याशी बोलते, सगळ्यांशी असंच करते. त्या वेळात विचारा की घरच्यांसमोर गुणांबद्दल, पैशांबद्दल बोललेलं चालेल का. चालत असेल तर संमतीपत्रावर सही घ्या आणि त्यांना आत बोलवा. धाकट्या भावाला किंवा शाळकरी मुलीला दुभाषा कधीही करू नका. मूल आईचं अपयश बोलून दाखवायला कचरतं, आणि आई मुलाच्या तोंडून ते ऐकायला.

स्पॅनिश तुम्हाला थोडं येत असेल तर मोठ्या माणसांशी ‘उस्तेद’ने बोला. ते आपल्या ‘तुम्ही’सारखं. कोलंबियाची माणसं घरातसुद्धा ते वापरतात, तर दोमिनिकन विद्यार्थी दोनच मिनिटांत तुम्हाला ‘तू’वर आणतील. त्यांनी आणलं की मग खुशाल या. स्पॅनिश येत नसेल तर तसं सांगा, सावकाश आणि छोट्या वाक्यांत इंग्रजी बोला. आवाज चढवण्याची गरज नसते.

भाषेचा इतिहास

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. ‘स्पॅनिशभाषक’ या एका शिक्क्याखाली चार अगदी वेगळे विद्यार्थी असतात.

पहिला मायदेशी शाळा पूर्ण करून आलेला. तो स्पॅनिशमध्ये निबंध लिहितो, संदर्भ देतो, पुस्तक वाचतो. त्याला कमी आहे ती फक्त इंग्रजी, आणि ती तो झपाट्याने भरून काढतो. दुसऱ्याची शाळा मधेच सुटलेली असते, स्थलांतराने, हिंसाचाराने, शेतावरच्या कामाने. त्याचं बोलणं उत्तम, पण लिहिण्याची सवय कोणत्याच भाषेत बसलेली नसते. तिसरा ब्राँक्समध्येच जन्मलेला: घरी स्पॅनिश, शाळा सगळी इंग्रजीत. त्याला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात घालणं म्हणजे अपमान आहे. त्याला वारशाने स्पॅनिश मिळालेल्यांसाठीचा स्पॅनिशचा वर्ग उपयोगी पडेल. चौथा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मेक्सिकोच्या गेरेरो किंवा पुएब्लाहून आलेल्या मुलाची घरची भाषा मिश्तेको किंवा नाहुआत्ल असू शकते, ग्वातेमालाच्या मुलीची किचे, एक्वादोरच्या मुलाची किच्वा. स्पॅनिश ही त्याची शाळेत शिकलेली दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. अहिराणी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला सरसकट ‘मराठी’ धरून चालणारे आपण, आपल्याला हे अवघड वाटायला नको. हा मुलगा स्वतःहून सांगणार नाही, कारण गावची भाषा लपवायची सवय त्याला लहानपणापासून लागलेली असते.

म्हणून ‘इंग्रजी येतं का?’ असं विचारू नका. विचारा: घरी आजीशी कोणत्या भाषेत बोलता? कितवीपर्यंत, कुठे, किती खंड पडून शिकलात? शेवटचं पूर्ण पुस्तक कोणतं वाचलं, कोणत्या भाषेत? कामावर इंग्रजी लागतं का, आणि फोनवर लागतं की समोरासमोर? हिशोब मनात कोणत्या भाषेत करता?

त्यानंतर दोन कागद द्या. पहिल्यावर दहा मिनिटं स्पॅनिशमध्ये: इथे काय शिकायचं आहे आणि का. दुसऱ्यावर दहा मिनिटं इंग्रजीत, तेच. क्रम बदलू नका. आधी इंग्रजी मागितलं की माणूस आक्रसतो आणि पुढचा कागदही आक्रसूनच लिहितो. तुम्हाला स्पॅनिश वाचता येत नसेल तर तो कागद आधुनिक भाषा विभागातल्या सहकाऱ्याला दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: या माणसाला लिहायची सवय आहे का? प्रवेशाच्या वेळची स्तरनिश्चिती चाचणी या प्रश्नाचं उत्तर देत नाही. ती इंग्रजी किती कमी आहे ते सांगते. त्या कमतरतेखाली भक्कम शिक्षण आहे की नाही, हे तिला कळत नाही.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात. हा फरक डोक्यात ठेवला की दोन उलट्या चुका टळतात. फडाफडा बोलणाऱ्या विद्यार्थ्याला इतिहासाच्या तीस पानी वाचनात ढकलणं ही एक, आणि अडखळत बोलणाऱ्या हुशार विद्यार्थ्याला बीजगणितापासून दूर ठेवणं ही दुसरी. शिवाय पाच ते सात वर्षं हा आकडा पुन्हा वाचा. इंग्रजी ‘पूर्ण’ होईपर्यंत थांबवायचं ठरवलं, तर कोणालाच पदवी मिळणार नाही.

एक गोष्ट अजिबात विचारू नका: इमिग्रेशनचा दर्जा. आणि विद्यार्थ्याने आपणहून सांगितला तरी तुमच्या टिपणांत लिहू नका. सगळे मार्ग तुम्हीच बोलून दाखवा. फेडरल मदत अमेरिकी नागरिकांना, म्हणजे १९१७पासून नागरिक असलेल्या प्वेर्तो रिकन लोकांनाही, आणि ग्रीन कार्ड असलेल्यांना मिळते. न्यूयॉर्क राज्यात २०१९च्या कायद्याने कागदपत्रं नसलेल्या, अटी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची मदत खुली झाली आहे. कायद्याचे प्रश्न असतील तर, ओस्तोस ज्या विद्यापीठाचा भाग आहे त्या न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या सिटिझनशिप नाऊ या सेवेकडे विनामूल्य सल्ला मिळतो. एवढं सांगून थांबा. आपण कुठे बसतो हे विद्यार्थी स्वतः ओळखतो.

पहिल्या सत्राची जुळणी

आता आनाचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा ती बावीस वर्षांची आहे, दोमिनिकन रिपब्लिकमधून शाळा आणि विद्यापीठाचं एक वर्ष करून आली आहे, ग्रीन कार्ड आहे, आठवड्याला पंचवीस तास घरगुती रुग्णसेवेचं काम करते, आणि तिला नर्स व्हायचं आहे. स्पॅनिश लेखन चांगलं. इंग्रजी मधल्या पातळीचं.

घिसाडघाईचा सल्लागार तिला फक्त इंग्रजीचे वर्ग देईल. उत्साही सल्लागार शरीररचनाशास्त्र देईल. मी असं जुळवीन: इंग्रजीचा सखोल वर्ग, बीजगणित, आणि स्पॅनिशमधून शिकवला जाणारा एक विषय किंवा स्पॅनिश लेखनाचा वर्ग. एकूण बारा क्रेडिट.

बीजगणित का? कारण चिन्हं सगळीकडे तीच असतात. पण संख्याशास्त्र पहिल्या सत्रात नको. तिथे प्रत्येक गणित म्हणजे एक परिच्छेद असतो. बीजगणिताच्या शिक्षकाला मात्र आधी सांगून ठेवा की भागाकाराची मांडणी देशोदेशी वेगळी असते. आपल्याकडे भागाकार उजवीकडे लिहितात, अमेरिकेत वर. बऱ्याच लॅटिन अमेरिकी शाळांत भाजकच उजवीकडे असतो. कोलंबिया, चिली, अर्हेंतिनात दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात, मेक्सिको आणि दोमिनिकन रिपब्लिकमध्ये आपल्यासारखाच बिंदू. उत्तर बरोबर असूनही मांडणी न कळल्यामुळे गुण कापले जातात.

स्पॅनिशमधला विषय का? कारण तिथे ती पूर्ण ताकदीने विचार करते आणि चांगली श्रेणी मिळवते. पहिल्या सत्राची सरासरी पुढे नर्सिंगच्या प्रवेशात मोजली जाते. त्याहून मोठं कारण म्हणजे आठवड्यातून दोन दिवस तरी तिला आपण हुशार आहोत याची आठवण राहते. इंग्रजीच्या वर्गात रोज तिसरीतल्या मुलासारखं बोलावं लागणाऱ्या बावीस वर्षांच्या बाईला ती आठवण लागते.

दुसऱ्या सत्रात इंग्रजीची पुढची पातळी, प्राथमिक जीवशास्त्र आणि मानसशास्त्राची ओळख. जीवशास्त्राला लोक घाबरतात, पण स्पॅनिशभाषकाला ते इतिहासापेक्षा जवळचं पडतं. कार्डियाक, रीनल, पल्मनरी, हेपॅटिक हे इंग्रजी मुलांना परके वाटणारे शब्द लॅटिन-ग्रीकमधून आलेले आहेत आणि स्पॅनिशमध्ये जवळपास तसेच आहेत. हे तिला स्पष्ट सांगा, कारण तिच्या हातात आधीच काय आहे हे तिलाही माहीत नसतं. मानसशास्त्र निवडताना इंग्रजीच्या वर्गाशी जोडलेली तुकडी शोधा, जिथे दोन्ही शिक्षक एकच वाचन वापरतात. भाषणकलेचा अनिवार्य वर्ग तिसऱ्या-चौथ्या सत्राकडे ढकला. तिसऱ्या सत्रात इंग्रजी निबंधलेखनाचा नियमित वर्ग आणि शरीररचनाशास्त्र.

स्पॅनिशमधले विषय असे सत्रागणिक कमी होत गेले पाहिजेत. याची काळजी घेतली नाही तर काय होतं ते ओस्तोसमध्येच दिसलं. १९९७ साली, पदवीदान अगदी तोंडावर आलं असताना, सिटी युनिव्हर्सिटीच्या विश्वस्तांनी इंग्रजी लेखनाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट पुढे केली. बरेच विद्यार्थी अडकले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. ऐन वेळी अट लादणं अन्यायाचं होतं असं मला आजही वाटतं. पण सल्लागाराने त्यातून एक घ्यायचं: शेवटी कोणती परीक्षा, कोणता परवाना उभा आहे, ते पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याला दाखवायचं. नर्सिंगच्या परवान्याची एनक्लेक्स परीक्षा इंग्रजीत असते. म्हणून आनाचा तक्ता मी शेवटापासून मागे लिहीत आणते.

अपवाद आहे, तोही सांगते. ज्याला इंग्रजी वाक्यच जुळवता येत नाही, त्याला लगेच क्रेडिटच्या वर्गांत घालू नये. त्याच्यासाठी सिटी युनिव्हर्सिटीचा क्लिप हा भाषेचा सघन कार्यक्रम आहे. आठवड्याला पंचवीस तास, जास्तीत जास्त एक वर्ष, फी अगदी थोडी, आणि मुख्य म्हणजे त्यात विद्यार्थ्याची आर्थिक मदत खर्ची पडत नाही. असे कार्यक्रम दुसरीकडेही असतात. पण तिथे पाठवतानाही बाहेर पडायची तारीख लिहून द्या, आणि त्या काळात कागदांचं मूल्यमापन आणि विषयाची निवड चालू ठेवा.

स्पॅनिशचे गुण पदरात पाडून घ्यायचा आणखी एक रस्ता आहे. कॉलेज मान्य करत असेल तर क्लेप या परीक्षांपैकी स्पॅनिशची परीक्षा देऊन क्रेडिट मिळतात. ज्याला लेखन-वाचन येतं त्याला ती अवघड नाही. ही गोष्ट विद्यार्थ्याला कोणी सांगतच नाही.

पैशांचं गणित कागदावर

फेडरल सरकारचं पेल अनुदान परत करावं लागत नाही. २०२४-२५ साली ते पूर्ण वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होतं. पण ते आयुष्यभर पुरत नाही. पूर्णवेळ शिक्षणाची बारा सत्रं, एवढीच त्याची मर्यादा. त्यासाठीचा फाफ्सा अर्ज स्पॅनिशमध्येही भरता येतो, हे आधी सांगा.

मग एका कोऱ्या कागदावर बारा चौकोन काढा. असोसिएट पदवीला चार सत्रं, पुढे चार वर्षांच्या कॉलेजात बदली घेऊन आणखी चार, म्हणजे आठ चौकोन भरले. उरले चार. क्रेडिटच्या इंग्रजी वर्गांसाठी, आजारपणासाठी, नापास झालेल्या विषयासाठी, सगळ्यासाठी मिळून हे चार. नुसत्या इंग्रजीची चार सत्रं घेतली तर सगळी मोकळीक संपली. नियमांचं पुस्तक वाचून दाखवण्यापेक्षा हे चौकोन लवकर कळतात. मी ते विद्यार्थ्याच्याच हाताने भरवते.

दुसरी अट समाधानकारक प्रगतीची. बहुतेक ठिकाणी घेतलेल्या क्रेडिटांपैकी सुमारे दोन-तृतीयांश पूर्ण व्हावी लागतात, आणि पदवीच्या ठरलेल्या लांबीच्या दीडपटीत सगळं संपवावं लागतं. साठ क्रेडिटची पदवी असेल तर नव्वद क्रेडिट घेईपर्यंत. विषय सोडला तरी तो ‘घेतलेला’ म्हणून मोजला जातो. बारापैकी सहा क्रेडिट सोडली की निम्मीच पूर्ण झाली, आणि पुढच्या सत्राची मदत धोक्यात आली. सत्राचा ६० टक्के काळ उलटायच्या आत सगळेच विषय सोडले, तर मिळालेल्या मदतीतला काही भाग परत करावा लागतो. हे आकडे भीती घालायला सांगू नका. सांगताना सोबत हेही सांगा: ‘काहीही सोडण्याआधी माझ्याकडे या.’

एफ-१ व्हिसावर आलेल्यांसाठी वेगळी नोंद, आणि ती मराठी मुलांनाही लागू आहे. पदवीपूर्व विद्यार्थ्याला सत्राला किमान बारा क्रेडिट घ्यावीच लागतात, आणि त्यांत ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो. पण सुरुवातीला इंग्रजी अवघड जात असेल तर भार कमी करायची सोय नियमातच आहे, निम्म्यापर्यंत. मात्र कॉलेजच्या अधिकृत आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्याची परवानगी विषय सोडण्याआधी मिळालेली हवी. नंतर मागितली तर व्हिसाचा दर्जा जातो. तेव्हा पहिल्या आठवड्यातच विद्यार्थ्याला त्या अधिकाऱ्याच्या दारापर्यंत स्वतः घेऊन जा.

आठवड्याचा तक्ता

एका क्रेडिटमागे वर्गाबाहेर दोन तास अभ्यास, असा सर्वसाधारण अंदाज धरतात. बारा क्रेडिट म्हणजे वर्ग आणि अभ्यास मिळून छत्तीस तास. परक्या भाषेत वाचणाऱ्याला यापेक्षा जास्त. त्यात आनाचे कामाचे पंचवीस तास आणि रेल्वेचा प्रवास. सोमवार ते रविवार रकाने आखा आणि आधी झोप, काम, मूल, चर्च, प्रवास भरा. उरलेल्या जागेत वर्ग बसवा. बसत नसतील तर वाद न घालता विचारा: कामाचे तास कुठे हलतील? घरी कोण मदत करेल? बाहेर बसलेली आई इथे आत असली तर फार बरं होतं.

परत सांगायला लावा

‘समजलं का?’ या प्रश्नाला उत्तर ‘सी, सी’ असंच येतं. मोठ्या माणसापुढे नकार न देण्याचं वळण आपल्याकडेही आहे, त्यामुळे त्या मान हलवण्यावर विसंबू नका. सांगा: ‘आता घरी गेल्यावर बहिणीला हे सगळं कसं सांगाल, ते मला सांगा. स्पॅनिशमध्ये सांगितलंत तरी चालेल.’ तुम्हाला स्पॅनिश कळत नसलं तरी आकडे, तारखा आणि विषयांची नावं कानावर पडतात. जिथे ती थबकते, तिथे परत जा. शेवटी एक पानाचा तक्ता तिच्या हातात द्या, ज्यात पाचपेक्षा जास्त कामं नकोत, आणि प्रत्येकापुढे तारीख आणि खोलीचा क्रमांक.

प्राध्यापकाच्या भेटीच्या तासांबद्दल वेगळं बोला. शिक्षकाच्या खोलीत गेलो म्हणजे आपलं काही चुकलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पहिल्या भेटीसाठी नेमकं वाक्य लिहून द्या: ‘मी तुमच्या मंगळवारच्या वर्गात आहे, इंग्रजी शिकते आहे, दुसऱ्या प्रकरणातली ही आकृती मला समजली नाही.’ इंग्रजीत लिहा आणि दोनदा मोठ्याने म्हणवून घ्या. ईमेलचंही तसंच: पहिली तुमच्यासमोर बसून लिहू दे, चुका फक्त अर्थ अडवत असतील तेवढ्याच दुरुस्त करा.

पाठपुरावा

एका भेटीत हे काम होत नाही. सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली असॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला: पूर्णवेळ नाव घालायची अट, वारंवार सल्लागाराची भेट, पुस्तकांना मदत, बस-रेल्वेचा पास. एमडीआरसी या संस्थेने चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलेलं दिसलं. हे विद्यार्थी सगळे इंग्रजी शिकणारे नव्हते, पण पायाभूत वर्गांची गरज असलेले होते. त्या अभ्यासाच्या वेळी तिथल्या एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशी विद्यार्थी असायचे. इतर ठिकाणी एकेका सल्लागाराकडे शेकडो असतात. तुमच्याकडेही शेकडो असतील, तर निदान इंग्रजी शिकणाऱ्यांची वेगळी यादी करा आणि तीन वेळा त्यांना स्वतःहून बोलवा.

पहिली वेळ तिसऱ्या आठवड्यात. पुस्तक घेतलं का, एकही दिवस चुकला का, बीजगणिताचा पहिला गृहपाठ परत आला का, एवढंच विचारा. पुस्तक न घेतल्याचं कारण बहुतेक वेळा पैसे असतात आणि ग्रंथालयात प्रत असते. दुसरी वेळ सत्राच्या मधल्या परीक्षेनंतर, विषय सोडण्याच्या मुदतीच्या किमान दहा दिवस आधी. परीक्षेचा कागद मागून घ्या आणि चूक विषयाची आहे की प्रश्न न समजल्याची, ते पाहा. प्रश्न न समजल्याच्या चुका असतील तर विषय सोडायला सांगू नका. लेखन केंद्रातल्या द्विभाषक ट्यूटरकडे पाठवा, आणि जादा वेळ किंवा शब्दकोश वापरायची परवानगी मिळते का ते प्राध्यापकाला विचारा. तिसरी वेळ पुढच्या सत्राची नोंदणी उघडेल त्या दिवशी, कारण जोडलेल्या तुकड्या आणि स्पॅनिशमधले वर्ग सर्वांत आधी भरतात.

विद्यार्थी वर्गाला यायचा बंद झाला तर त्याच आठवड्यात फोन करा, शक्य असल्यास स्पॅनिशमध्ये. न कळवता गेल्यास नापास धरायची पद्धत अनेक कॉलेजांत आहे. रीतसर सोडलं तर निदान सरासरी वाचते.

बदलीची तयारी

दुसऱ्या सत्राच्या शेवटी, म्हणजे लोक समजतात त्याच्या बरंच आधी, चार वर्षांच्या कॉलेजची नावं काढा. कोणती क्रेडिट तिकडे पदवीसाठी धरली जातात आणि कोणती नुसती ‘ऐच्छिक’ म्हणून पडून राहतात, हे कॉलेजांमधल्या करारांत लिहिलेलं असतं. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गाची क्रेडिट तिकडे धरली जातील असं गृहीत धरू नका. तसा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर फाइलमध्ये ठेवा. स्पॅनिशमधून केलेल्या विषयांबद्दलही विचारा. गुणपत्रकावर विषयाचं नाव आणि क्रमांक असतो, म्हणून बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही, पण लेखी असलेलं बरं.

विद्यार्थी निघताना तुमची टिपणं, पहिल्या दिवशी लिहिलेले ते दोन कागद, मूल्यमापनाचा अहवाल आणि सत्रांचा तक्ता यांचा एक गठ्ठा करा आणि तो त्याच्याच हाती द्या. नव्या कॉलेजातला सल्लागार त्याचं इंग्रजी ऐकून पुन्हा पायरी एकपासून सुरू करायला निघाला, तर हे कागद त्याने टेबलावर ठेवावेत.